स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवरचा एक विषय मुळापासून कसा वाचावा

महापालिकेचं अंदाजपत्रक सादर झालं की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोटींचा मोठा आकडा झळकतो. त्यावर दोन दिवस चर्चा होते, मग वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. पैसा मात्र त्याच वर्षभरात, आठवड्या-आठवड्याने खर्च होत असतो. औषधफवारणीचं कंत्राट, सुरक्षारक्षकांना तीन महिने मुदतवाढ, एका गल्लीतली सांडपाण्याची वाहिनी, जलकेंद्रासाठी तुरटी, दिवाबत्तीची देखभाल असे विषय स्थायी समितीपुढे, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे येतात आणि बहुतेक वेळा चर्चेविना मंजूर होतात. कंटाळवाणे असतात म्हणूनच ते सुखरूप पार पडतात.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेत असा एक साधा विषय हाती घ्यायचा आणि तरतुदीपासून बिलापर्यंत त्याचा माग कसा काढायचा, ते इथे सांगतो. एकदम सगळं अंदाजपत्रक समजून घ्यायच्या फंदात पडू नका. एक विषय शेवटपर्यंत धरलात तर महापालिका कशी चालते ते जास्त कळतं.

आधी कायदा कोणता, ते पाहा

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. राज्यातल्या बाकी महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम तो हाच. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे, तिथे आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. पुढची सगळी कलमं १९४९ च्या कायद्यातली आहेत. मुंबईकरांनी आणि नगरपरिषदेच्या रहिवाशांनी क्रमांक आपापल्या कायद्यातून शोधावेत, रीत तीच.

या कायद्यातली दोन कलमं आधी वाचून ठेवा. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत: पाणी, मलनिःसारण, साफसफाई, दिवाबत्ती, रस्ते वगैरे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. एखाद्या विषयावर पत्र लिहायची वेळ आली तर ‘हे काम बंधनकारक कर्तव्यात मोडतं आणि त्याची तरतूद ऐच्छिक कामाकडे वळवली जात आहे’ हे एक वाक्य बरंच काम करून जातं.

स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि तिची बैठक आठवड्यातून एकदा व्हावी अशी अपेक्षा आहे. ठरावीक रकमेपर्यंतचे करार आयुक्त स्वतःच्या अधिकारात करतात, त्यापुढचे समितीच्या मान्यतेने होतात. धोरणाचे, मिळकतींचे आणि इतर बरेच विषय समितीची शिफारस घेऊन सर्वसाधारण सभेकडे जातात. तिला पुण्यात मुख्य सभा म्हणतात, अनेक ठिकाणी महासभा. निवडून आलेली सभा नसेल तेव्हा हे सगळे अधिकार शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती येतात. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर अनेक शहरांनी बराच काळ हाच कारभार पाहिला. त्या काळातले ठराव ‘प्रशासक ठराव’ म्हणून वेगळे नोंदलेले असतात. जुन्या कामाचा माग काढताना ते वेगळे मागावे लागतात, नाहीतर ‘अशा क्रमांकाचा ठराव आढळून येत नाही’ असं उत्तर हाती पडतं.

तरतूद शोधा

अंदाजपत्रकाचं पुस्तक बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर असतं. आयुक्त मसुदा समितीला देतात, समिती त्यात भर घालून सभेपुढे ठेवते आणि मार्चअखेर सभा ते मंजूर करते. कराचे दर त्याआधी, २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. म्हणून फेब्रुवारीत करवाढीची बातमी आधी येते आणि कामांची मागाहून. एकाच वर्षाची दोन-तीन पुस्तकं सापडली तर सभेने मंजूर केलेलं पुस्तक धरा.

पुस्तक उघडल्यावर एकूण बेरजेकडे बघू नका. तुमच्या कामाचं लेखाशीर्ष, म्हणजे ज्या नावाखाली त्याचा खर्च टाकतात ती ओळ शोधा. तिथे साधारण तीन आकडे मिळतात: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. यातला पहिला आकडा सगळ्यात प्रामाणिक. एखाद्या शीर्षाखाली दरवर्षी मोठी तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च किरकोळ, असं सलग दिसलं तर ती तरतूद वर्षाच्या मध्यावर दुसरीकडे वळवायला ठेवलेली असण्याची शक्यता धरून चाला.

आणखी एक गोष्ट पुस्तकात चटकन दिसत नाही, ती म्हणजे दायित्व. मागच्या वर्षी सुरू झालेल्या कामांची देणी यंदाच्या तरतुदीतूनच भागवायची असतात. शीर्षाखाली ५ कोटी दिसतात, पण त्यातले ४ कोटी जुन्या बिलांसाठी बांधलेले असू शकतात. लेखा विभागाला ‘या शीर्षाखालील तरतूद, आजवरचा खर्च, दायित्व व शिल्लक’ असं चार शब्दांत विचारा. तक्ता त्यांच्याकडे तयारच असतो.

विषयपत्रिका बैठकीआधी मिळवा

विषयपत्रिका किंवा कार्यपत्रिका नगरसचिव कार्यालयातून निघते. काही महापालिका ती संकेतस्थळावर टाकतात, काही टाकायला विसरतात. नगरसचिव कार्यालयात जाऊन सूचनाफलक बघा, किंवा तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडून प्रत मागा. समितीच्या सदस्यांना ती मिळालेलीच असते. बैठकीनंतर मिळालेल्या विषयपत्रिकेवर तक्रार करणं म्हणजे वरातीमागून घोडं. मंजूर झालेला विषय फिरवण्यापेक्षा येऊ घातलेला विषय तहकूब करून घेणं कितीतरी सोपं आहे.

पत्रिकेवर विषय एका लांबलचक वाक्यात असतो. ‘प्रभाग क्रमांक अमुक येथे तमुक काम करणेकामी प्राप्त निविदांपैकी लघुत्तम निविदाधारकाची निविदा मान्य करणेबाबत’. खरा मजकूर या वाक्यामागच्या टिपणीत म्हणजे डॉकेटमध्ये असतो. ते मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पत्रिकेच्या शेवटी एक रिकामी जागा असते: ऐनवेळचे विषय. खरोखरची तातडी असेल तर ही सोय आवश्यकच आहे. पण सहा महिन्यांपूर्वीच ठाऊक असलेली मुदत संपली म्हणून ऐनवेळी विषय आला, तर त्याला तातडी म्हणत नाहीत. असे विषय नंतर इतिवृत्तातच सापडतात, म्हणून मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्याच बैठकीची पत्रिका शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. इतिवृत्तात असलेलं आणि पत्रिकेत नसलेलं जे काही आहे, ते आधी वाचा.

डॉकेट वाचताना

इथे वेळ घालवा. डॉकेटमध्ये बहुधा हे सगळं असतं: कामाची गरज, कामाची अंदाजित रक्कम, कोणत्या दरसूचीने (शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीने) ती काढली, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यतेची तारीख, निविदा कधी प्रसिद्ध झाली, किती आल्या, किती पात्र ठरल्या, सगळ्यात कमी दर किती, लेखाशीर्ष कोणतं आणि तिथे शिल्लक किती. यातली एखादी गोष्ट गाळलेली असेल तर पहिला प्रश्न तिथेच तयार होतो.

लोक बहुधा दरावर अडतात. ‘इतके पैसे कशाला?’ हा प्रश्न विचारतात आणि ‘शासकीय दरसूचीप्रमाणे आहेत’ हे उत्तर ऐकून गप्प बसतात. दर सहसा दरसूचीतलाच असतो. पाणी मुरतं ते परिमाणात, म्हणजे काम किती आहे या मापात. म्हणून आधी परिमाण तपासा. त्याला शाळेतलं गणित पुरतं.

समजा ४०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद रस्त्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा डांबरी थर द्यायचा आहे. ४०० × ६ × ०.०५ म्हणजे १२० घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरतात, म्हणजे जवळपास २८० टन माल हवा. एका डंपरात १४ टन माल येत असेल तर २० खेपा. आता डॉकेटमधलं परिमाण बघा, रस्ता स्वतः टेपने किंवा फोनवरच्या नकाशावर मोजा, आणि काम सुरू झाल्यावर खेपा मोजायला चौकातल्या दुकानदाराला सांगा. यातून काहीच गैर निघालं नाही तरी अभियंत्याशी बोलताना तुमच्या प्रश्नाला धार येते.

दुसरी जागा म्हणजे ‘कमी दराची’ निविदा. कामाच्या खर्चाचा अंदाज ८० लाखांचा आणि निविदा २० टक्के कमी, म्हणजे ६४ लाखांची. समिती खूश, १६ लाख वाचले. काही महिन्यांनी त्याच कामाचा विषय पुन्हा येतो: जागेवरच्या परिस्थितीमुळे वाढीव परिमाण आणि ज्यादा बाबी (मूळ निविदेत नसलेली कामं), १४ लाख. काम ७८ लाखांवर गेलं. असं होणं नेहमीच खोटं नसतं. जमिनीखाली काय निघेल हे खोदल्याशिवाय कळत नाही, आणि जुन्या शहरात तर मुळीच नाही. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ज्यादा बाबींना निविदेतली २० टक्के घट लावली, की दरसूचीचा पूर्ण दर दिला? या एका ओळीचं लेखी उत्तर मागा.

निविदा किती आल्या याहून किती टिकल्या ते बघा. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो. सात निविदा येऊन पाच तांत्रिक कारणावर बाद झाल्या असतील तर ती कारणं वाचा. निविदा सूचना आणि अटी राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर असतात. अटी वाचताना अनुभवाची अट कामाच्या मानाने फार मोठी नाही ना, अमुकच कंपनीचं यंत्र हवं असं आडून सुचवलेलं नाही ना, हे तपासा.

सेवेच्या कंत्राटांची तऱ्हा वेगळी. सफाई, सुरक्षा, उद्यान देखभाल, वाहनचालक पुरवणं यात मोजायला थर नसतो, माणसं असतात. इथे भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांची मासिक चलनं मागा. बिलात १२० कर्मचारी आणि त्याच महिन्याच्या चलनात ८५ नावं असतील तर पुढचा प्रश्न मी सांगायची गरज नाही. कर्मचाऱ्यांची नावं-क्रमांक खाजगी म्हणून नाकारतील. तुम्हाला फक्त संख्या आणि एकूण भरणा हवा आहे, असं अर्जात आधीच लिहून टाका. या मुद्द्याचा दुसरा फायदाही आहे. ज्यांच्या नावाने निधी भरलाच जात नाही, त्या कामगारांनाही तो कळतो.

थबकायच्या जागा

काही शब्द पत्रिकेत दिसले की वाचायचा वेग कमी करा.

‘मुदतवाढ’. जुनं कंत्राट संपलं, नवी निविदा वेळेत काढली नाही, म्हणून जुन्यालाच तीन महिने, मग आणखी तीन. पहिल्या मुदतवाढीला अडवून उपयोग नाही, कचरा तर रोज उचलावाच लागतो. विचारायचं ते हे: नव्या निविदेची नस्ती म्हणजे फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवस? दुसऱ्यांदा मुदतवाढ येईल तेव्हा हेच उत्तर समोर ठेवा.

‘५-२-२’. अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’मधल्या प्रकरण ५ च्या नियम २ (२) चं हे बोलीतलं नाव. कारणं नोंदवून निविदा न मागवता करार करायची मुभा त्यात आहे. कळीचे शब्द ‘कारणं नोंदवून’ हे आहेत. डॉकेटमध्ये कारण म्हणून नुसतं ‘तातडीची निकड’ लिहिलं असेल तर निकड कधी निर्माण झाली ते तारखेनिशी विचारा.

‘६७ (३) (क)’. आपत्ती किंवा जीविताला धोका अशा वेळी आयुक्तांनी आधी काम करून नंतर समितीला कळवायचं, यासाठीचं हे कलम. विषय ‘अवलोकनार्थ’ म्हणजे फक्त माहितीसाठी येतो. पुरात वाहून गेलेला पूल यात बसतो. सुशोभीकरण बसत नाही.

‘वर्गीकरण’. एका शीर्षाची तरतूद दुसरीकडे वळवणं. माझ्या मते विषयपत्रिकेतला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका विषय हाच. अंदाजपत्रकात जे ठरलं होतं ते प्रत्यक्षात किती मोडलं गेलं, हे वर्गीकरणांच्या यादीतून उघड होतं. वर्षभरातली सगळी वर्गीकरणं एका कागदावर उतरवा: कुठून काढले, कुठे नेले, किती, कधी. मलनिःसारण प्रकल्पातून काढून प्रभागातल्या कमानी आणि बाकांकडे नेलेले पैसे त्या कागदावर एका नजरेत दिसतात. निवडणुकीच्या आधीचं वर्ष असेल तर कागद मोठा घ्या.

‘भाग १’, ‘भाग २’. एकाच रस्त्याचं काम तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली. असे तुकडे एका बैठकीत दिसतीलच असं नाही, ते आयुक्तांच्या किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवरच संपतात. क्षेत्रीय कार्यालयाकडून वर्षभराच्या कार्यादेशांची (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशांची) यादी मागा आणि ठिकाणाप्रमाणे लावा. तारखेप्रमाणे लावलेल्या यादीत हे लपून जातं.

पत्र कोणाला आणि कसं

बैठकीच्या दोन दिवस आधी एक पानी पत्र: समितीच्या अध्यक्षांना, तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना आणि संबंधित खातेप्रमुखांना. नगरसचिवांच्या आवक विभागात देऊन पोच घ्या. ‘भ्रष्टाचार’, ‘लूट’, ‘संगनमत’ हे शब्द टाळा. पुरावा नसताना ते वापरले की पत्राचं उत्तर द्यायची कोणाचीच जबाबदारी उरत नाही. असं लिहा:

‘दिनांक … च्या बैठकीतील विषय क्रमांक … बाबत. डॉकेटमध्ये रस्त्याची लांबी ५२० मीटर नमूद आहे. प्रत्यक्ष मोजणीत ती ४०० मीटर आढळते. मोजणीचा नकाशा सोबत जोडला आहे. संयुक्त पाहणी होईपर्यंत विषय तहकूब ठेवावा, ही विनंती.’

एक विषय, एक विसंगती, एक मागणी. दहा मुद्द्यांच्या पत्रातला सगळ्यात कमकुवत मुद्दा निवडून त्याचं उत्तर दिलं जातं, असा अनुभव आहे.

सदस्याशी बोलताना ‘विरोध करा’ म्हणू नका, ‘अभिप्राय मागवा’ म्हणा. अभिप्राय मागवणं कोणालाही अडचणीचं नसतं. ठेकेदार कोणाचाही असो, त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. अभिप्राय लेखी येतो आणि तो पुढे तुमच्या कामी येतो.

मंजुरीनंतर

ठरावाची प्रत घ्या. ‘मंजूर’, ‘उपसूचनेसह (सुचवलेल्या बदलासह) मंजूर’, ‘तहकूब’, ‘दप्तरी दाखल’ (पुढे काही न करता बाजूला ठेवलेला) यांतलं नेमकं काय झालं ते पाहा. उपसूचना असेल तर ती शब्दशः वाचा, कारण कामाची व्याप्ती कधीकधी तिथेच बदलते.

मग कार्यादेश. त्यात काम सुरू करायची आणि संपवायची तारीख, सुरक्षा ठेव आणि दोष दायित्व कालावधी असतो. या कालावधीत उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुमच्या भागातल्या रस्त्यांचे दोष दायित्व कालावधी एका वहीत लिहून ठेवा. त्या मुदतीत त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचा नवा विषय पत्रिकेवर आला, तर तुम्हाला एकही कागद न मागता कळेल.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे कामाला येतो. कायदा २००५ चा, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. कागदांची नावं लिहा: मंजूर पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीची) संबंधित पानं, अंतिम बिल, साहित्य चाचणी अहवाल, मुदतवाढ दिली असल्यास तिचा आदेश. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. झेरॉक्सपेक्षा आधी नस्तीची पाहणी मागणं शहाणपणाचं, कारण नस्तीतले शेरे वाचूनच कोणता कागद घ्यायचा ते ठरतं. स्थानिक संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू द्यावेत असं राज्य शासनाने २०१८ मध्ये ठरवून दिलं होतं. तुमच्याकडे ते चालू आहे का ते विचारून घ्या. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फार कमी लोक वापरतात.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. निम्मे कागद तिथेच मिळतात.

मोजमाप पुस्तिका हातात आली की डॉकेट, पुस्तिका आणि जागा या तिघांची सांगड घाला. डॉकेटमध्ये १५० मिलिमीटर व्यासाची वाहिनी, पुस्तिकेत तीच, आणि चेंबर उघडल्यावर दिसते ती लहान, असं असेल तर फोटो घ्या. फोटोत टेप आणि ठिकाणाची खूण दोन्ही दिसायला हव्यात. हे घेऊन आधी कार्यकारी अभियंत्याकडे जा. बिल निघालं नसेल तर दुरुस्ती तिथेच होऊ शकते. बिल निघून गेलं असेल तर मुख्य लेखापरीक्षकांना लेखी कळवा आणि प्रत आयुक्तांना द्या. लेखापरीक्षकाचा आक्षेप नोंदला गेला की त्याचं अनुपालन खात्याला द्यावंच लागतं, आणि तो अहवाल स्थायी समितीपुढे जातो. ठरावच बेकायदेशीर आहे असं वाटलं, तर कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित म्हणजे रद्द करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. नगरविकास विभागाला लिहिता येतं, पण तो शेवटचा दरवाजा समजा. रस्त्याच्या लांबीवरून तिथे जाऊ नका.

एक सूचना राहिली. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. अंदाजपत्रकाच्या कित्येक महिने आधी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून द्यायचे असतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर त्याची तारीख चुकवू नका, आणि नसेल तर प्रभाग समितीच्या बैठकीत ती मागा. काम सुचवताना लेखाशीर्ष लिहून द्या. शीर्षाशिवाय आलेली सूचना कोणत्या खात्याची, हे ठरवण्यातच तिचं वर्ष निघून जातं.